‘जॉज’: यंत्राचा शार्क, खरा शार्क आणि एका लेखकाचे प्रायश्चित्त

१/ १९७४ चा उन्हाळा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर स्टीव्हन स्पीलबर्ग हा २७ वर्षांचा दिग्दर्शक हवालदिल झाला होता. त्याच्या चित्रपटाचा खलनायक, म्हणजे यंत्राचा प्रचंड शार्क, समुद्राच्या तळाशी जाऊन बसला होता.

२/ कथा पीटर बेंचली यांच्या त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची. शार्कचे तीन यांत्रिक सांगाडे बॉब मॅटी यांनी घडवले होते. गोड्या पाण्यातील चाचणीत ते चालले. खाऱ्या पाण्यात मात्र यंत्रणा गंजू लागली. स्पीलबर्गच्या वकिलाच्या नावावरून त्या यंत्राला ‘ब्रूस’ म्हणत.

३/ ५५ दिवसांचे नियोजित चित्रीकरण १५९ दिवस लांबले. खर्च सुमारे ४० लाख डॉलरवरून ९० लाखांच्या घरात गेला. शार्क चालेना, तेव्हा तो न दाखवण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

४/ त्या नाइलाजातूनच चित्रपटाची शैली जन्मली. पाण्यावर सरकणारे पिवळे पिंप, खालून वर पाहणारा कॅमेरा आणि जॉन विल्यम्स यांचे दोन स्वर. शार्कची पूर्ण ओळख पटेपर्यंत सव्वा तास उलटून जातो. तोवर प्रेक्षकाच्या मनाने त्याहून भयंकर शार्क रचलेला असतो.

५/ खऱ्या शार्कची दृश्ये रॉन आणि व्हॅलरी टेलर या दांपत्याने ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात टिपली. शार्क अवाढव्य दिसावा म्हणून पिंजरा लहान ठेवला आणि माणूसही ठेंगणा निवडला.

६/ एकदा पिंजरा रिकामा असताना एक शार्क त्याच्या दोरखंडांत अडकला आणि सुटण्यासाठी जिवाच्या आकांताने धडपडू लागला. ते चित्रण इतके थरारक उतरले की त्यासाठी कथाच बदलण्यात आली. कादंबरीत पिंजऱ्यात मरणारा हूपर चित्रपटात वाचला. प्रेक्षकांनी मात्र त्या प्राण्याची सुटकेची धडपड हल्ला म्हणूनच पाहिली.

७/ २० जून १९७५ रोजी ‘जॉज’ चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळी झळकला. दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा मारा झाला होता. ‘द गॉडफादर’चा उत्पन्नाचा विक्रम मोडला, संकलन, संगीत आणि ध्वनी यांसाठी तीन ऑस्कर मिळाले. उन्हाळ्यात भव्य चित्रपट आणण्याची हॉलिवूडची रीतही येथूनच रूढ झाली.

८/ पण भीती चित्रपटगृहाबाहेरही आली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शार्क मारून मिरवण्याला पराक्रमाचे रूप आले. माणसावर सूड उगवणारा शार्क ही कल्पना निराधार होती. शार्कच्या हल्ल्यात जगभरात वर्षाकाठी सहसा दहाहूनही कमी माणसे दगावतात.

९/ सारा दोष एका चित्रपटाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९७० नंतरच्या अर्धशतकात खुल्या महासागरातील शार्क व पाकट यांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली. तिचे मुख्य कारण बेसुमार मासेमारी होय. चित्रपटाने हिरावली ती या प्राण्याविषयीची सहानुभूती.

१०/ हे बेंचली यांना उमगले. आज अशी कादंबरी आपल्या हातून लिहून होणार नाही, अशी कबुली त्यांनी दिली आणि उर्वरित आयुष्य समुद्रसंरक्षणासाठी लिहिण्या-बोलण्यात वेचले. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये स्पीलबर्ग यांनीही शार्कच्या संहाराबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

११/ २०१५ मध्ये मध्य अमेरिकेलगतच्या प्रशांत महासागरात, सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या खोलीवरच्या एका नव्या शार्क प्रजातीची नोंद झाली. काळाकुट्ट, जेमतेम अर्धा मीटर लांबीचा. शास्त्रज्ञांनी त्याच्या शास्त्रीय नावात बेंचली यांचे नाव गुंफले.