अडलेलं बटण

"काका, हे बटण नीट दाबलंच जात नाही." कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने आजोबांच्या कपाटात सापडलेला ऑलिंपस ट्रिप ३५ टेबलावर ठेवला. कॅमेरे दुरुस्त करण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्या काकांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला नाही. कॅमेरा घेऊन ते सरळ खिडकीपाशी गेले.

याला कारण होतं. ट्रिपचं बटण कधी अडकतं, तर कधी कॅमेराच ते अडवतो.

१९६७ साली आलेला हा जपानी कॅमेरा १९८४पर्यंत बनत राहिला. त्याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवतीच्या खडबडीत कड्यामागे सेलेनियमचा सेल असतो. प्रकाश पडला की तो स्वतःच वीज तयार करतो आणि तेवढ्या विजेवर मीटरचा काटा हलतो. बटण दाबताना हा काटा आहे तिथेच पकडला जातो. तो कुठे सापडला यावरून भिंगाचं छिद्र किती उघडायचं आणि शटर १/४० सेकंद चालवायचं की १/२००, हे ठरतं. उजेड कमी असेल, तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि बटण मध्येच थांबतं. जपानमध्ये तिला 'अकाबेरो' म्हणतात, म्हणजे लाल जीभ. फिल्मची एक फ्रेम वाया जाऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. ती माहीत नसलेला माणूस अंगठा लावून जोर करतो आणि चांगल्या यंत्राचं नुकसान करून बसतो.

म्हणून आधी तपासणी. भिंगाचं कडं 'ए'वर, म्हणजे ऑटोवर, ठेवून काकांनी कॅमेरा उन्हाकडे धरला आणि बटण दाबलं. भर उन्हातही लाल पट्टी आली असती, तर सेल निकामी झाल्याची शंका घ्यावी लागली असती. पट्टी आली नाही. टिक असा बारीक आवाज झाला, शटर पडलं. बोट उचललं, तरी बटण मात्र खालीच राहिलं. मग झोपेतून उठावं तसं सावकाश वर आलं.

म्हणजे दुखणं खरं होतं.

रीवाइंडची मूठ आणि तीन छोटे स्क्रू काढल्यावर वरचं झाकण सुटलं. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, काढले त्या क्रमाने ठेवले. झाकणातल्या ज्या भोकातून बटण वर-खाली होतं, त्याच्या आतल्या कडेला तपकिरी थर जमला होता. जुनं ग्रीस, बोटांचा घाम आणि धूळ यांचा मिळून झालेला, वाळलेल्या गुळासारखा चिकट थर.

इथे पुष्कळ जण तेल सोडतात. काकांना या एका गोष्टीचा मनापासून राग येतो. पातळ तेल बटणापाशी थांबत नाही, ते फटींतून झिरपत शटरच्या पात्यांपर्यंत पोचतं. ही पाती कोरडीच चालायला हवीत. तेल लागलं की एकमेकांना चिकटतात. बटण सुटतं आणि शटर अडकतं. ट्रिपच्या छिद्राची पाती तर तशीही चिकटण्यासाठी बदनाम आहेत.

काकांनी टूथपिकच्या टोकावर लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचा एक थेंब घेतला. कडेला लावला, थर मऊ होऊ दिला आणि सुती कापडाच्या कोपऱ्याने पुसून काढला. पुन्हा थेंब, पुन्हा पुसणं. चौथ्या खेपेला कापड स्वच्छ निघालं. आता भोकात नख फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत झाकण पंख्याखाली पडून राहिलं. तोवर चहा झाला.

झाकण बसवून काकांनी बटण वीसेक वेळा दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी ते बोटाबरोबरच वर आलं. मग कॅमेरा मुलीच्या हातात दिला. तिने तो खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखला, बटण दाबलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, परत अडलं."

"आत बघ, काय दिसतंय?"

"लाल पट्टी."

"मग खिडकीकडे वळ," काका म्हणाले.