अम्मींनी पाहिलेले नाटक

आम्ही मालेगावच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांना मराठी म्हणजे दहावीला कसाबसा सोडवायचा पेपर आणि तहसील कचेरीत भरायचा अर्ज. खरे सांगायचे तर आमच्या घरीही वेगळे नव्हते. घरात उर्दू, मराठी आमच्या पगारापुरती.

२०२२ च्या डिसेंबरात एका रविवारी बायकोमुलांना घेऊन नाशिकला नाटक पाहायचे ठरले, तेव्हा प्रश्न निघाला, अम्मींचे काय? त्यांची साठी उलटलेली. आयुष्यात कधी नाटक पाहिलेले नाही. उर्दूला आगा हश्र काश्मिरींसारखा मोठा नाटककार लाभला, तरी आमच्या मोहल्ल्यात 'नाटक करतो' म्हणजे ढोंग करतो. शिवाय हे नाटक मराठी, तेही 'संगीत देवबाभळी', विठ्ठल-रखुमाईचे. आम्ही अवघडतच विषय सांगितला. अम्मी म्हणाल्या, "घर में अकेली बैठ के क्या करूँगी? चलती हूँ."

एस.टी.ने निघालो. राहुड घाट, चांदवड, पिंपळगाव मागे पडले. द्वारकेला उतरून रिक्षाने शालिमारला महाकवी कालिदास कलामंदिरात पोहोचलो. दारात काही नजरा अम्मींच्या बुरख्यावर क्षणभर थांबल्या. त्यांत वाईट काही असेलच असे नाही. पण आम्ही उगाचच मोठ्याने, शुद्ध मराठीत बोलू लागलो. नंतर त्याची लाज वाटली.

नाटक नाशिकच्याच प्राजक्त देशमुखांचे. २०१७ साली ते व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्याला मिळाला. रंगमंचावर दोनच बायका. तुकोबांसाठी भाकरी घेऊन डोंगराकडे निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुततो. विठ्ठल तो काढतो आणि तिच्या सेवेला रखुमाईला लखूबाई म्हणून धाडतो. आवली गरोदर, घरात चणचण, नवरा अभंगांत बुडालेला. ती विठ्ठलाला खडे बोल सुनावते, आणि ते ऐकणारी त्याचीच बायको! तिचेही आपल्या नवऱ्याशी भांडण आहेच.

आम्ही अम्मींच्या कानाशी लागून अर्थ सांगू लागलो. त्यांनी आमचा हात दाबला. "चुप बैठ. समझ रहा है सब." शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. अम्मींनी नकाब वर केला आणि ओढणीने डोळे पुसले.

परतीच्या एस.टी.त मुले झोपली. चांदवड आले तेव्हा अम्मी म्हणाल्या, "उस औरत ने मेरा ग़ुस्सा बोल दिया."

आमचे अब्बा लूमवर काम करीत आणि ग़ज़ल लिहीत. जुम्म्याला लूम बंद, म्हणून जुमेरातीची रात्र मुशायऱ्याची. पहाटे फ़ज्रच्या वेळी घरी येत ते खुशीत. अम्मी दिवसभर कांड्या भरत, पाच मुलांचे करीत आणि वाण्याकडून उधार आटा आणीत. "पूरी रात उनको वाह वाह मिलती थी. सुबह वाण्याचे बोलणे मला," एवढे बोलून त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. 'वाण्याचे बोलणे' हे शब्द त्यांनी मराठीतच उच्चारले. आम्ही दचकून पाहिले. उधारी मागायला मराठी लागत होती, म्हणजे अम्मींना ती आमच्या आधीपासून येत होती!

अब्बांना जाऊन आठ वर्षे झाली होती. त्यांची बयाज़ अम्मींच्या पेटीत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काढून नातीपुढे ठेवली, "पढ़." अम्मींना क़ुरआन वाचता येते, पण उर्दू लिखाण वाचायला त्या कधी शिकल्या नाहीत. नात अडखळत वाचू लागली. चाँद होता, ज़ुल्फ़ होती, शराब होती, ज़माना होता. शेवटचे पान संपल्यावर अम्मींनी विचारले, "बस? इतना ही?"

शायराचा मुलगा म्हणून आम्ही कितीदा मिरवलो. अब्बांचे शेर आम्ही मित्रांना ऐकवले, शाळेच्या जलशात वाचले. आमची फी कोणाच्या कांड्यांतून निघाली, हे मात्र एकदाही विचारले नाही. अब्बांवर राग आला असे नाही. अम्मींनाही तो राहिला नसावा, कारण बयाज़ पुन्हा रेशमी रुमालात गुंडाळून त्यांनीच पेटीत ठेवली. पण त्या संध्याकाळपासून नात रोज त्यांच्याजवळ वही घेऊन बसते. अम्मी बोलतात, ती लिहून घेते. मधूनच एखादे वाक्य मराठीत येते, आणि ती आम्हांला हाक मारते, "अब्बू, ये कैसे लिखते हैं?"