आज्ञाधारक नोकर

आमच्या शाळेच्या संगणक कक्षातील फाइली कार्यालयातल्या संगणकावर उतरवण्याचे काम आम्ही एका बॅच फाइलवर सोपवले आहे. बॅच फाइल म्हणजे नोटपॅडमध्ये ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा. त्यातली मुख्य आज्ञा 'रोबोकॉपी'. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ती विंडोजबरोबरच मिळते. ती नव्या आणि बदललेल्या फाइलीच नेते, त्यामुळे वेळ वाचतो.

पण विद्यार्थी मित्रांनो, हा नोकर फारच आज्ञाधारक! एखादी फाइल नेता आली नाही, तर ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतो, तेही १० लाख वेळा. हिशेब करून पाहा, सुमारे ३४७ दिवस होतात! म्हणून आम्ही प्रयत्न ३ वरच थांबवले.

'मिरर' हा पर्याय मात्र आम्ही घेतला नाही. त्यात मूळ जागी पुसलेली फाइल प्रतीतूनही पुसली जाते. महाराष्ट्राबाहेर जपलेल्या आपल्या शाळेची जुनी स्नेहसंमेलने, निवृत्त गुरुजनांची भाषणे पुन्हा कुठून आणायची? यंत्र सांगितले तेवढे करते. काय जपायचे, हे आपणच ठरवायला हवे.