‘लॉर्ड’ : भाकरीचा राखणदार

‘लॉर्ड’ या शब्दाची व्युत्पत्ती मी वर्गात कित्येक वर्षे मोठ्या तन्मयतेने सांगत आलो. आजचा हा आखूड शब्द जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफोर्ड’ असा होता आणि त्याच्याही मागे ‘ह्लाफवेअर्ड’ हा समास आहे. ‘ह्लाफ’ म्हणजे भाकर, पाव म्हणा हवे तर. ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. ‘लेडी’च्या मुळाशी तर कणीक मळणारी स्त्री आहे. सत्तेच्या पोटात चूल दडलेली पाहून विद्यार्थी सुखावत, आणि खरे सांगायचे तर मीही. फळ्यावर मी ‘लॉर्ड’समोर ‘अन्नदाता’ असे लिहीत असे.

एका वर्षी कोकणातल्या कुळाच्या घरातून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, राखणारा म्हणजे देणारा कसा?” मी हसून वेळ मारून नेली.

प्रश्न मात्र माझ्याबरोबर राहिला. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या इ. स. ६०० च्या सुमाराच्या कायद्यात ‘ह्लाफएटा’, म्हणजे भाकर खाणारा, असा शब्द आहे. त्याला कोणी ठार केल्यास ६ शिलिंग भरपाई. हा आश्रित कोणा सरदाराचाही नव्हे. साध्या स्वतंत्र शेतकऱ्याच्या घरचा. नांगरामागे बहुधा तोच चालत असणार. पण भाषेने त्याला श्रमावरून ओळखले नाही, पोटावरून ओळखले. राखणारा आणि खाणारा अशा दोघांना नावे मिळाली. पिकवणाऱ्याला या जोडीत जागाच नाही.

‘ह्लाफवेअर्ड’ हे न झिजलेले रूप जुन्या इंग्रजीत जवळजवळ एकदाच आढळते : स्तोत्रसंहितेच्या पद्यानुवादात, योसेफाविषयी. राजाने त्याला आपल्या घराचा कारभारी केले, त्या ठिकाणी. हा तोच योसेफ, ज्याने सुबत्तेच्या ७ वर्षांत मिसरची कोठारे भरली. दुष्काळ पडल्यावर लोकांनी त्याच धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे, मग जमिनी, शेवटी स्वतःला. अनुवादकाच्या मनात हे सारे होते असे मी म्हणणार नाही. परंतु माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर ‘उत्पत्ती’च्या ४७ व्या अध्यायात केव्हाचे होते, आणि मी ते तेथे शोधले नव्हते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. जुन्या इंग्रजीत देवासाठी मुख्यतः ‘द्रिख्तेन’ हा शब्द होता. त्याचे नाते योद्ध्यांच्या जथ्याशी. तो लोपला आणि भाकरीचा राखणदार देवाच्या जागी जाऊन बसला. ‘ह्लाफ’चा ‘लोफ’ होऊन त्याचाही अर्थ संकोचला. आपल्याकडे पोहोचेतो ‘लॉर्ड’चा ‘लाटसाहेब’ झाला; त्यात भाकरीचा वासही उरला नव्हता.

मराठीतले ‘राखणे’ हे क्रियापद या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटते. शेत राखले जाते, आणि दुसऱ्यापासून काही राखूनही ठेवले जाते. कोकणातल्या गावच्या राखणदाराला तर वर्षाकाठी राखण द्यावी लागते. तो गावाचे रक्षण करतो आणि गावाकडून खातोही. ‘अन्नदाता’ मात्र उलट्या दिशेने चालत आला : एके काळी तो राजाला, धन्याला उद्देशून वापरला जाई, आज तो शेतकऱ्यासाठी वापरतात, विशेषतः निवडणुका आल्या की.

‘द वाँडरर’ या जुन्या इंग्रजी काव्याच्या माझ्या अनुवादात, हरपलेल्या स्वामीसाठी मी ‘पोशिंदा’ योजला होता. दुसऱ्या खर्ड्यात तो खोडून ‘धनी’ केला. तिच्या घरात खोताला काय म्हणत, हे मी त्या मुलीला विचारायला हवे होते. विचारले नाही.