सांबराने निवडलेले झाड

हरिणकुळातील नर शिंगे घासण्यासाठी वाटेल त्या झाडापाशी जात नाही. त्याच्या निवडीला काही नियम आहे. आणि रानालगतच्या देवळांच्या आवारात झाडे लावणाऱ्यांनी तो जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम शिंगांविषयी. गाईम्हशींची शिंगे जन्मभर टिकतात. सांबर, चितळ व भेकर यांची शिंगे गळतात आणि पुन्हा उगवतात. ती भरीव हाडाची असून वाढीच्या काळात त्यांवर मऊ, केसाळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा असते. शिंग पुरे वाढून कठीण झाले म्हणजे ही त्वचा सुकते व नर ती झाडावर घासून काढतो. परंतु घासणे तेवढ्यावर थांबत नाही. त्वचा गेल्यावरही माजाच्या ऋतूत ते आठवडेच्या आठवडे चालते. सांबराच्या डोळ्यांपाशी असलेल्या ग्रंथींचा गंध खोडाला लागतो, सोललेले खोड दुरून दिसते, आणि हा नर येथे वावरतो हे इतरांना कळते.

यासाठी निवडलेले झाड बहुधा कोवळे असते. अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाडीचे, सरळ, गुळगुळीत सालीचे, खाली फांद्या नसलेले, आणि रेटले असता वाकून पुन्हा उभे राहणारे असे खोड नराला मानवते. थोराड नर याहून जाड खोडाशीही झुंजतो. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीची हरणे सीडर, पाइन, ससाफ्रास अशा गंधयुक्त झाडांकडे विशेष वळतात, असे तेथील अभ्यासकांनी नोंदविले आहे.

आता आमच्या गावाची गोष्ट. सत्तरीतील म्हादई अभयारण्य १९९९ साली घोषित झाले. त्या रानाच्या बाजूसच आमच्या ग्रामदेवतेचे देऊळ आहे. देवीच्या वेणीला फुले मिळावीत म्हणून देवळामागे बकुळी लावल्या होत्या. माळी त्यांच्या खालच्या फांद्या मोठ्या निष्ठेने छाटून खोडे सरळ वाढवीत असे. म्हणजे सांबराला हवे तसेच खोड तेथे तयार होत होते! एका मार्गशीर्षात चार बकुळी सोललेल्या आढळल्या.

देवस्थानच्या बैठकीत बराच वाद झाला. कोणी काटेरी तार सुचविली, तर कोणी बार काढून जनावराला पळवावे असे म्हणाले. आम्ही दोन गोष्टी मांडल्या. सांबर हा १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाने रक्षिलेला पशू आहे, ही पहिली. दुसरी अशी की, देवराईतील वाळकी काटकीदेखील जो गाव देवाची मानतो, त्याने त्याच राईतून आलेल्या पशूस चोर म्हणू नये. यावर एका वृद्ध मानकऱ्यांनी विचारले, "मग देवीने फुलांवाचून राहावे काय?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देणे आम्हांस भाग होते.

उत्तर झाडाच्या सालीतच होते. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. साल सभोवार निघाली तर मुळे उपाशी पडून झाड मरते; एका बाजूची पट्टी जरी शाबूत राहिली तरी ते तगू शकते. चारांपैकी दोन बकुळी पुढे वाळून गेल्या. उरलेल्या दोघींची पट्टी शाबूत होती. त्या जगल्या, आणि जखमेच्या कडांनी नवी साल हळूहळू आत सरकू लागली.

तेव्हा असे ठरले की, नव्या प्रत्येक रोपाभोवती बांबूचा कूड घालावा, खालच्या फांद्या काही वर्षे छाटू नयेत, आणि रानाच्या कडेला आपोआप उगवलेली रोपटी साफ न करता सांबरासाठी राखावीत. तेव्हापासून त्या कडेची रोपटी सोललेली दिसतात. कुडातल्या बकुळी वाढत आहेत.

बांबू मात्र पावसाने कुजतो. दोन-तीन वर्षांनी कूड नवा घालावा लागतो, आणि त्यास पैसा व माणसे लागतात. जत्रेच्या खर्चात मांडवाचा व दिव्यांचा खर्च आपण आनंदाने धरतो. त्याच यादीत कुडाचीही एक ओळ दरवर्षी असावी, एवढीच आमची गावकऱ्यांस विनंती आहे.