धारेच्या वाटांवर वसईच्या खुणा

माळव्यात जाणारा मराठी मनुष्य इंदूरचा राजवाडा पाहतो, उज्जैनला जाऊन येतो आणि मांडूचे महाल पाहून परततो. इंदुराहून मांडूस जाताना वाटेत धार लागते. मोटार तेथे चहापुरती थांबते आणि पुढे निघते. हे गाव पायी हिंडण्याजोगे आहे, आणि तेही फारशी दमछाक न होता, हे त्या चहाच्या दुकानातून कळावे कसे? गावात उभा चढ असा किल्ल्याच्या वाटेवरच काय तो लागतो, आणि तोही बेताचा. हिवाळ्याचे दिवस निवडावेत, सकाळी लवकर निघावे, दुपारी विसावा घ्यावा, म्हणजे दोन दिवसांत सारे निवांतपणे पाहून होते. वयस्कर मंडळींनीही ही वाट धरण्यास हरकत नाही.

आरंभ मात्र धारेत न करता पश्चिमेस आठ-दहा किलोमीटरवरील तिरला या गावी करावा, अशी माझी सूचना आहे. तेथवर बस जाते. येथे पाहावयाचे काय, असे कोणी विचारील, तर देखणी इमारत शोधू नये, हेच प्रथम सांगतो. काळी कसदार जमीन, गव्हाची शेते, मधूनमधून पळस, आणि बाजारास निघालेले भिल्ल स्त्रीपुरुष, एवढेच डोळ्यांस दिसते. होळीच्या आधीच्या आठवड्यात या सबंध पट्ट्यात भगोऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा मात्र ढोल-मांदळांच्या आवाजाने रान दुमदुमते. एरवी सारे शांत असते. गावाबाहेरच्या गाडीवाटेने अर्धा तास चालावे, आणि चालता चालता २९ नोव्हेंबर १७२८ हा दिवस आठवावा.

त्या दिवशी अमझेरा व तिरला यांच्या परिसरात मोगलांचा माळव्याचा सुभेदार राजा गिरिधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर मराठ्यांशी लढताना धारातीर्थी पडले. मराठ्यांबरोबर उदाजी पवार, मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे होते. नर्मदा ओलांडून घाट चढून हे सैन्य अकस्मात पठारावर आले. स्थानिक परंपरा सांगते की, दया बहादूर एका घाटाची नाकेबंदी करून बसला असता मराठे मांडूजवळच्या दुसऱ्याच घाटाने वर आले. जुन्या ग्रंथांतून ही लढाई १७३१ साली झाल्याचे लिहिलेले आढळते. पुढे मराठी दप्तरांतील पत्रे उजेडात आली आणि १७२८ हे वर्ष निश्चित झाले. माळव्याचे दार मराठ्यांना उघडले ते या रानात. धार, देवास, इंदूर, ग्वाल्हेर ही मराठी संस्थाने पुढे जी उभी राहिली, त्यांचा पाया येथे घातला गेला.

आणि या सैन्याचा सेनापती कोण? अवघ्या एकवीस वर्षांचा चिमाजी अप्पा! वसईकराची पावले येथे क्षणभर थबकल्यावाचून राहत नाहीत. आपल्या किल्ल्यात ज्यांचा पुतळा आहे, ते हेच. या रानातील विजयानंतर साडेदहा वर्षांनी, मे १७३९ मध्ये, त्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. आपल्या पूर्वजांच्या घरांतून त्या वेढ्याच्या आठवणी कोणत्या भावनेने सांगितल्या गेल्या असतील, याची कल्पना आपण करू शकतो. कोणी वस्ती सोडली, कोणी मागे राहिले. तथापि शरणागतीच्या अटींत पोर्तुगीज शिबंदीस मानाने बाहेर पडू द्यावे आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस आपल्या धर्माप्रमाणे उपासना करू द्यावी, ही कलमे होती, हेही विसरता येत नाही. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच, १७४० च्या डिसेंबरात, वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या आत त्यांचे देहावसान झाले. विजेत्याकडे पाहताना एक डोळा त्याच्या पराक्रमावर आणि एक डोळा पराभूतांच्या घरांवर ठेवावा लागतो. तिरल्याच्या रानात मला ते सोपे गेले, कारण येथे पराभूत झालेली घरे माझी नव्हती. पण गिरिधर बहादूर आणि दया बहादूर यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्या दोघांना एकेक ओळ मिळते.

ज्यांच्यापाशी वेळ आहे त्यांनी तसेच पुढे अमझेऱ्यास जाऊन यावे. तेथील राजे बख्तावरसिंह यांना १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूर येथे फाशी देण्यात आले.

आता धारेस परत येऊ. गावाच्या उत्तरेस ठेंगण्या टेकडीवर तांबड्या वालुकाश्माचा किल्ला आहे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या काळी तो बांधला गेला, असे मानतात. चढण सोपी आहे. वाटेत दोनदा थांबले की झाले. तटावरून सारे गाव, त्यातील तळी व झाडी एका दृष्टिक्षेपात येते. किल्ल्यात खरबुजा महाल नावाची वास्तू आहे; तिचा घुमट खरबुजासारखा म्हणून हे नाव. राघोबादादा पुण्याच्या कारभाऱ्यांपासून निसटून गुजरातेकडे धावत असताना गरोदर आनंदीबाईंस पवारांच्या आश्रयाने याच किल्ल्यात ठेवण्यात आले, आणि १० जानेवारी १७७५ रोजी त्या येथे प्रसूत झाल्या. तो मुलगा म्हणजे दुसरा बाजीराव. जन्म याच महालात झाला, असे तेथे सांगतात. मुलगा दोन महिन्यांचा होतो न होतो तोच पित्याने सुरतेस इंग्रजांशी तह केला. आणि सत्तावीस वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, मुलाने इंग्रजांशी तह केला तो आपल्या वसईस! आजोबांच्या धाकट्या भावाने तलवारीने मिळवलेल्या गावी नातवाने लेखणीने स्वातंत्र्य गहाण टाकले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८५७ च्या ऑक्टोबरात हा किल्ला उठावातील शिपायांच्या ताब्यात होता. इंग्रजांनी तोफा डागून तटास खिंडार पाडले. पण आत शिरून पाहतात तो शिबंदी रातोरात निघून गेलेली. त्यानंतर संस्थान जप्त झाले आणि १८६० मध्ये बेरसिया परगणा वगळून पवारांना परत मिळाले.

दुसऱ्या दिवशीची वाट सपाट आहे. प्रथम लाट मशीद पाहावी. दिलावरखान घोरीने ती १४०५ साली बांधली. तिच्या खांबांवरून दिसते की जुन्या मंदिरांचे दगड तिच्यासाठी वापरले आहेत. पादत्राणे बाहेर काढून आत जावे. जिच्यावरून मशिदीस हे नाव पडले ती लाट, म्हणजे लोखंडी स्तंभ, शेजारीच आहे. तीन तुकडे ओट्यावर आडवे ठेवलेले आहेत. सर्वांत मोठा सुमारे २४ फुटांचा, दुसरा साडेअकरांहून किंचित अधिक, तिसरा साडेसातांहून थोडा मोठा. म्हणजे मूळ स्तंभ ४३ फुटांच्या आसपास असला पाहिजे. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ याच्या निम्म्याहून थोडाच अधिक भरेल. भट्टीत लोखंडाचे लहान गोळे काढून, ते तापवून, घणांनी एकमेकांस जोडून एवढा सोट तयार करणारे लोहार कोण असतील? त्यांची नावे कोठेच नाहीत. मात्र १५९८ साली दक्षिणेच्या स्वारीच्या काळी अकबराने यावर फारसी लेख कोरवून घेतला. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की, गुजरातच्या बहादूरशाहाने हा स्तंभ आपल्या मुलखात नेण्याचे मनात आणले, तेव्हा तो पडून भंगला. मला या तुकड्यांजवळून लवकर हलवेना. शतकानुशतके गंजाला पुरून उरलेले लोखंड मालकीच्या हव्यासापुढे टिकले नाही.

तेथून भोजशाळेकडे जावे. मुसलमान बांधव हिला कमाल मौला मशीद म्हणतात. राजा भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे राज्य करीत होता, त्याच्या विद्याप्रेमाच्या आठवणींशी हे स्थान निगडित आहे. दगडांत कोरलेले संस्कृत वर्णमालेचे व धातुप्रत्ययांचे नागबंध येथे आहेत. सर्पाच्या वेटोळ्यांत व्याकरण बसवण्याची ती कल्पकता शाळामास्तरांनी अवश्य पाहावी. ‘पारिजातमंजरी’ नावाच्या संस्कृत नाटकाचे पहिले दोन अंक शिळेवर कोरलेले १९०३ साली येथेच सापडले. उरलेल्या अंकांची शिळा हरवली आहे. या जागेवरून दोन समाजांत जुना वाद आहे. २००३ मध्ये मंगळवारी हिंदूंनी पूजा व शुक्रवारी मुसलमानांनी नमाज अशी व्यवस्था पुरातत्त्व खात्याने लावून दिली होती, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे सर्वेक्षण झाले. पाहुण्याने त्या वादात पडू नये. प्रवेशाविषयी आदल्या दिवशी चौकशी करून जावे आणि शांतपणे पाहून बाहेर पडावे.

संध्याकाळ मुंज तलावाच्या काठी घालवावी. परमार राजा मुंज याचे नाव त्यास आहे. पवार घराण्याच्या छत्र्या येथे आहेत, मराठी वळणाच्या, पाण्याकडे पाहत उभ्या. याच घराण्यातील यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले. तलावाच्या काठाने हळूहळू चालत गेल्यास, फिरावयास आलेल्या वृद्ध मंडळींच्या तोंडी माळवी हिंदीत मिसळलेली मराठी अजूनही कानी पडते. तिच्यात ‘आपण’ आणि ‘हम’ एकाच वाक्यात सुखाने नांदतात.

शेवटी फडके स्टुडिओ. खंडेराव टेकडीवरील ही शिल्पशाळा अनेक पाहुणे वगळतात, आणि वसईकराने तर ती मुळीच वगळू नये. रघुनाथ कृष्ण फडके यांचा जन्म १८८४ साली वसईस झाला. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला असेल. तो यांच्याच हातचा. पुढे ते धारेस आले आणि येथलेच झाले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७२ साली ते निवर्तले. वसईहून धारेस आलेला हा गृहस्थ काही जिंकावयास आला नव्हता. मातीचे चेहरे घडवीत राहिला. तेथील पुतळे प्लास्टरचे, काही धुळीने माखलेले, पण डोळे व ओठ असे की, मनुष्य आता बोलेल असे वाटावे. उजेड असतानाच जावे; चेहऱ्यांवरील बारकावे दिव्याच्या प्रकाशात नीट दिसत नाहीत. टेकडी उतरल्यावर इंदूरची बस गाठता येते.