खत आणि खत

मराठीत ‘खत’ हे दोन निराळे शब्द आहेत. शेतात पडते ते एक, आणि गहाणखत, खरेदीखत यांतले दुसरे. दुसरा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. पहिल्याशी त्याचे नाते नाही. संसारात मात्र दोघांचा शेजार फार जवळचा आहे. पहिल्यावरचा खर्च हाताबाहेर गेला, की दुसरे लिहून देण्याची पाळी येते.

याचा प्रत्यय एका विद्यार्थिनीमुळे आला. सिल्लोड तालुक्यात ती दोन एकर मका करते आणि रविवारी संपर्कसत्राला येते. परिभाषेवरील तासानंतर तिने शेताची मृदा आरोग्य पत्रिका पुढे ठेवली. “सर, शब्द मराठी आहेत, पण कळत नाहीत.” नत्र, स्फुरद, पालाश. खतांच्या दुकानात ही नावे क्वचितच कानी पडतात. तेथे युरिया, डीएपी, पोटॅश यांचा व्यवहार चालतो. पिकाला हवे असते नत्र आणि आपण विकत घेतो गोणी. या दोहोंमधला अनुवाद शेतकऱ्यालाच करावा लागतो.

तो आम्ही फळ्यावर केला. संकरित मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 40 किलो पालाश ही सर्वसाधारण शिफारस. म्हणजे एकरी 48, 24 आणि 16. डीएपीच्या 50 किलोंच्या गोणीत 9 किलो नत्र व 23 किलो स्फुरद असते. एकरी एक गोणी पुरेशी झाली. उरलेले 39 किलो नत्र युरियातून द्यायचे. युरियात ते शेकडा 46. तेव्हा सुमारे 85 किलो, 45 किलोंच्या दोन गोण्यांहून थोडे कमी. तेही एकदम नव्हे: नत्राचा एक तृतीयांश भाग पेरणीला, बाकीचा साधारण तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवशी, जमिनीत ओल पाहून.

मागल्या हंगामात तिने एकरी डीएपीच्या दोन गोण्या टाकल्या होत्या. पत्रिकेत पालाश ‘भरपूर’ होते, जस्त ‘कमी’. स्फुरद अधिक झाले की मक्याला जस्त घेणे कठीण जाते आणि कोवळ्या पानांवर पांढरट पट्टे उमटतात. ते पट्टे तिने पाहिले होते. रोग समजून फवारणीही केली होती. जे सर्वांत कमी आहे, त्याच्याच मापाने पीक वाढते. इतर घटकांची रास ओतून ती उणीव भरत नाही.

यंदा तिने पालाश कमी केले, शेणखतासोबत एकरी दहा किलो झिंक सल्फेट दिले आणि डीएपीच्या दोन गोण्या वाचवल्या. 1350 रुपये भावाने ते 2700 रुपये झाले. कणसे कशी भरतील, हे पाऊस ठरवील. उधारीच्या वहीतला आकडा मात्र या वेळी तिने स्वतः ठरवला. पत्रिकेच्या समासात आता प्रत्येक पारिभाषिक शब्दापुढे गोणीचे नाव व वजन तिच्या अक्षरात लिहिलेले आहे. शेजारच्या दोघींनी ती पत्रिका उतरवून घेतली, तेव्हा तिने त्यांना बजावले, “आकडे माझ्या मातीचे आहेत. तुमची माती आधी तपासून आणा.”